दिवा विझला तो कशामुळे? : फलप्राप्ती आणि ज्ञानाचे प्रामाण्य

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवावे, या प्रश्नावर भारतीय दर्शनांत जो दीर्घ वाद झाला त्याला प्रामाण्यवाद म्हणतात. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, वस्तू जशी आहे तशीच ती ज्ञानात उतरलेली असणे. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजतच आपल्या खरेपणाची खात्री बरोबर घेऊन येते आणि विरुद्ध पुरावा समोर आला तरच ती खात्री मोडते. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्यवादी आहेत, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरच्या कसोटीवर घासून पाहावा लागतो असे ते मानतात, आणि त्या कसोट्यांत प्रवृत्तिसामर्थ्य, म्हणजे ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला येणे, ही त्यांना मोलाची वाटते. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्याचा आरंभच या विचाराने केला आहे. दुरून पाणी दिसले, माणूस तिकडे गेला, त्याची तहान भागली, तेव्हा पाणी दिसल्याचे ते ज्ञान खरे ठरले, इतका हा विचार सरळ आहे.

पण फळ मिळाले एवढ्यावरून त्यामागचे ज्ञान खरे होते असे म्हणता येते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. घरासमोर उभ्या असलेल्या मोटारीचा अल्टरनेटर स्वतःच्या हाताने बदलणाऱ्या गृहस्थापुढे तो जितक्या नेमकेपणाने उभा राहतो तितका क्वचितच अन्यत्र राहत असेल. गॅरेजमध्ये दोष ओळखणारा एक, सुटा भाग आणणारा दुसरा आणि पैसे मोजणारा तिसरा असतो, त्यामुळे चूक झाली तर ती कोणाच्या तरी पदरी घालून मोकळे होता येते. घरच्या दुरुस्तीत ज्ञाता, कर्ता आणि भोक्ता हे तिघे एकाच देहात असतात, आणि म्हणून ज्ञान, कर्म आणि फळ यांची साखळी तेथे अखंड पाहायला मिळते.

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातून वीज निर्माण करणारे यंत्र. जुन्या गाड्यांत त्याच्या जागी डायनामो असे, आणि अजूनही अनेक कारागीर अल्टरनेटरला डायनामोच म्हणतात. इंजिनावरचा पट्टा त्याची पुली फिरवतो. आत फिरणाऱ्या गुंडाळीला कार्बनच्या दोन लहान कांड्यांतून प्रवाह मिळून ती चुंबक बनते. भोवतीच्या स्थिर गुंडाळ्यांत त्यामुळे उलटसुलट दिशेचा प्रवाह निर्माण होतो. डायोड नावाचे एकदिशा दरवाजे त्या प्रवाहाला एकाच दिशेला लावतात. आणि रेग्युलेटर त्याचा दाब आवरून धरतो. बारा व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी बॅटरी पूर्ण भरलेली आणि स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. मारुती ८०० सारख्या साध्या रचनेच्या गाडीत इंजिन चालू झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर अल्टरनेटर आपले काम करीत आहे असे समजतात.

चालकाला मात्र हे काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या आकृतीचा लाल दिवा. न्यायशास्त्राच्या भाषेत हा दिवा म्हणजे लिंग, ज्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान करायचे ती खूण, आणि डोंगरावरचा धूर जसा अग्नीचा, तसा हा दिवा बिघाडाचा सूचक असतो. या दिव्याची रचनाही विचार करण्याजोगी आहे. किल्ली फिरवली की बॅटरीचा प्रवाह या दिव्यातून अल्टरनेटरकडे जातो आणि दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर स्वतः वीज देऊ लागला की दिव्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो, प्रवाह वाहायला कारण उरत नाही आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा कोणत्याही एका भागाचे दुखणे सांगत नाही. दोन टोकांच्या दाबांत फरक आहे, एवढेच तो सांगतो.

इंजिन सुरू होण्यापूर्वी दिवा क्षणभर लागतो त्याकडे बहुतेकांचे लक्ष नसते, पण अभाव कसा जाणावा याचा मोठा धडा त्या क्षणात आहे. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न आढळणे, हे वेगळे प्रमाण मानतात. नैयायिक ते वेगळे मानीत नाहीत, पण एका अटीवर सगळ्यांचे एकमत आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाही असे म्हणता येते. हिला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घागर दिसली नाही म्हणून घागर नाही असे होत नाही. गाडी चालताना लाल दिवा दिसत नाही यावरून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढायचा, तर तो दिवा लागू शकतो हे आधी ठाऊक हवे. दिव्याचा बल्बच गेलेला असेल तर त्याची शांतता निरर्थक आहे. किल्ली फिरवताच दिवा लागला, की न दिसण्याला पुरावा म्हणून उभे राहण्याची योग्यता येते.

आता समजा, चालत्या गाडीत हा दिवा लागला. येथे प्रथम संशय उत्पन्न होतो, आणि न्यायदर्शनात संशयाला कमी लेखलेले नाही. सोळा पदार्थांच्या गणनेत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा मान त्याचा आहे. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात उभी आकृती दिसते. उंची खांबालाही असते आणि माणसालाही. दोघांना समान असलेला धर्म दिसला आणि भेद करणारा विशेष दिसला नाही, की हा खांब की माणूस असा संशय येतो. लाल दिवा हा असाच समान धर्म आहे. पट्टा तुटला किंवा सैल पडून घसरू लागला तरी तो लागतो, कार्बन झिजले तरी लागतो, रेग्युलेटर गेला तरी लागतो, मागचा प्लग नीट बसलेला नसला तरी लागतो. या चार-पाच शक्यतांपैकी अल्टरनेटर बदलून सुटणाऱ्या थोड्याच आहेत, आणि कार्बन झिजलेले असतील तर केवळ कार्बन बदलूनही अनेकदा भागते.

तरीही दिवा लागला म्हणजे अल्टरनेटर गेला, असे सर्रास म्हटले जाते. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणीही आढळणारा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी ही व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, टिकते. जेथे अग्नी तेथे धूर ही टिकत नाही, कारण लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. अग्नीपासून धूर निघायला इंधन ओले असावे लागते, आणि या लपलेल्या अटीला उपाधी असे नाव आहे. एका ठिकाणी खरा ठरलेला नियम दुसरीकडे का फसतो, ते उपाधी शोधल्याशिवाय कळत नाही.

उपाधी न ओळखल्याने होणाऱ्या नुकसानीचे मोटारीच्याच व्यवसायातले एक उदाहरण बोलके आहे. डायनामोच्या काळात इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची रीत होती: इंजिन चालत राहिले तर डायनामो ठीक, बंद पडले तर तो गेला. ही रीत अल्टरनेटरच्या काळातही हातांतून हातांत उतरली. परंतु अल्टरनेटर भरभरून वीज देत असताना बॅटरी एकाएकी तोडली, की दाब क्षणार्धात फार वर उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर किंवा गाडीतील इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात. म्हणजे दोष शोधण्याची कृतीच दोष निर्माण करते, आणि मग तो दोष पूर्वीपासून होता असे प्रामाणिकपणे मानले जाते. परंपरेने आलेल्या ज्ञानाचा आदर करावाच, पण ते कोणत्या उपाधीवर उभे होते हे पाहणे हाही त्या आदराचाच भाग आहे. नव्या अनेक गाड्यांत अल्टरनेटरचा दाब संगणक गरजेप्रमाणे कमीजास्त करतो, तेव्हा वर दिलेले १३.८ ते १४.५ हे आकडेदेखील निरुपाधिक नव्हेत.

संशयाकडून निर्णयाकडे जाण्याची वाट मात्र अवघड नाही. पट्टा बोटाने दाबून पाहावा. ज्या गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर चालतो त्यांत दिव्याबरोबर इंजिनही तापू लागले असेल तर संशय पट्ट्याकडे वळतो, कारण दोन्ही कार्यांना समान असे कारण तेच आहे. मग मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवर आणि अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर दाब मोजावा. बोल्टवर १४ आणि बॅटरीवर १२.४ व्होल्ट मिळाले तर वीज तयार होत आहे, पण वाटेत अडली आहे. चांगल्या तारेत हा फरक साधारणपणे ०.२ व्होल्टच्या आतच राहतो. दोन्हीकडे सारखेच १२.३ मिळाले, पट्टा ताठ आहे आणि प्लगमध्ये प्रवाह पोचतो आहे, तर मग अल्टरनेटरवर बोट ठेवता येते. नैयायिक ज्याला विशेषदर्शन म्हणतात ते हेच. त्या उभ्या आकृतीला हात आणि डोके दिसले, आता ती खांब असू शकत नाही.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम ओळखीच्या क्रमाने चालते. इंजिन थंड झाल्यावर १० नंबरच्या पान्याने बॅटरीचे ऋण टर्मिनल आधी सोडवतात. गाडीचे सारे लोखंडी अंग ऋण टोकाला जोडलेले असते, त्यामुळे धन टर्मिनल आधी सोडवायला गेले आणि पाना अंगाला टेकला तर थेट शॉर्ट होतो. जोडताना याच कारणाने ऋण टर्मिनल शेवटी जोडतात. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी साचलेली असते, ती गरम पाण्याने आणि ब्रशने साफ होते. मग मागचा प्लग काढायचा, जाड तारेचा नट सोडवायचा, ताण देणाऱ्या पट्टीचा बोल्ट ढिला करून पट्टा उतरवायचा, आणि खालचा लांब बोल्ट बाहेर ओढून चार-पाच किलोंचे ते यंत्र दोन्ही हातांनी वर घ्यायचे. नवे यंत्र याच्या उलट क्रमाने बसते. पट्टा ताणून बोल्ट आवळला जातो, प्लग टिचकीचा आवाज होऊन बसतो, टर्मिनल घट्ट होते. किल्ली फिरवली, दिवा लागला, इंजिन सुरू झाले, दिवा विझला. मल्टिमीटर १४.२ दाखवतो.

प्रवृत्ती सफल झाली. पण तिने सिद्ध काय केले? वरचा क्रम पुन्हा वाचला तर दिसते की एका कृतीच्या नावाखाली चार दुरुस्त्या झाल्या आहेत: पट्टा नव्याने ताणला गेला, प्लग काढून नीट बसवला गेला, जाड तारेचा नट आवळला गेला आणि बॅटरीचे टर्मिनल स्वच्छ झाले. यांपैकी कोणत्याही एकीनेही दिवा विझू शकला असता, आणि मापे न घेता केवळ दिव्यावर विसंबून हे काम झाले असेल तर दिवा कशाने विझला हे त्या गृहस्थाला माहीत नाही. त्याला फक्त तसे वाटते. विश्वनाथाच्या कारिकावलीत कारणाची चर्चा करताना अन्यथासिद्ध ही कल्पना येते: कार्याच्या आधी हजर असलेले, पण ज्याच्यावाचून कार्य अडले नसते असे काही. माती वाहून आणणारे गाढव घट होण्यापूर्वी हजर असते, तरी ते घटाचे कारण नव्हे. विकत आणलेला नवा अल्टरनेटर या हिशेबात कारण असेल, किंवा ते गाढव असेल. विझलेला दिवा दोन्ही बाबतींत सारखाच विझलेला असतो.

योगायोगाने खऱ्या ठरलेल्या समजुतीचा हा प्रश्न पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात १९६३ साली एडमंड गेटिअर यांच्या तीन पानी निबंधाने गाजला. भारतीय विचारवंतांना तो शेकडो वर्षे आधी दिसला होता. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर याने दिलेले उदाहरण असे आहे: मांस भाजायला नुकताच अग्नी पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, पण मांसाच्या वासाने कीटकांचा थवा वर जमला आहे, दुरून पाहणारा त्या थव्यालाच धूर समजतो आणि तेथे अग्नी आहे असे अनुमान करतो. अग्नी तेथे आहेच. जाऊन हात शेकले तर शेकलेही जातील. बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्य या ग्रंथात मुठीत किती कवड्या आहेत हे निव्वळ अंदाजाने सांगणाऱ्याचे उदाहरण घेतले. आकडा बरोबर निघाला तर त्याला ज्ञान होते असे म्हणायचे का? प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, हिच्या नैयायिकांनी केलेल्या व्याख्येलाच श्रीहर्षाने अशा उदाहरणांनी हादरा दिला. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने तत्त्वचिंतामणीत जी सूक्ष्म भाषा घडवली, तिच्यामागे या आघातांचा वाटा आहे.

या साऱ्याचा धर्माशी संबंध वरवरचा नाही. प्रामाण्याचा वाद मुळात पेटला तो वेदवचनाच्या खरेपणावरून. न्यायसूत्रांत पूर्वपक्षी एक रोखठोक आक्षेप घेतो: पुत्रकामेष्टी करूनही पुत्र होत नाही असे दिसते, तेव्हा ते सांगणारे वचन खोटे आहे. सूत्रकाराचे उत्तर असे की फळ न मिळण्याचे कारण वचनाचा खोटेपणा नसून कर्म, कर्ता किंवा साधन यांतील वैगुण्य, म्हणजे उणीव, हे आहे. विधी चुकला असेल, करणारा अपात्र असेल, किंवा आहुतीचे द्रव्य अथवा मंत्रोच्चार सदोष असेल.

हे उत्तर पळवाट म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, आणि अनेक आधुनिक वाचक तसे करतात. ते अन्यायाचे आहे. नवा अल्टरनेटर बसवूनही दिवा विझला नाही, तर शहाणा कारागीर याच तीन ठिकाणी पाहतो: पट्टा सैल राहिला का, हे कर्माचे वैगुण्य, प्लग अर्धवट बसवला का, हे कर्त्याचे, आणि रीकंडिशन म्हणून आणलेले यंत्रच सदोष होते का, हे साधनाचे. एका अपयशाने अल्टरनेटर वीज निर्माण करतो हा सिद्धांत कोणी टाकून देत नाही, आणि देऊही नये. सूत्रकाराने अपयशाचा अर्थ लावण्याची जी पद्धत सांगितली ती विचारी माणसाची पद्धत आहे.

फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. गाडीच्या बाबतीत ही तिन्ही वैगुण्ये फळाकडे न पाहता, स्वतंत्रपणे तपासता येतात. पट्ट्याचा ताण दिव्याला न विचारता कळतो. अन्वयव्यतिरेक, म्हणजे एक गोष्ट असताना कार्य होते आणि तीच नसताना होत नाही हे पाहणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून करता येते. इष्टीच्या बाबतीत वैगुण्य होते हे फळ न मिळण्यावरूनच ठरवायचे असेल, तर यश आले की वचन खरे आणि अपयश आले की कर्ता उणा, अशी स्थिती होते, आणि ज्याच्या घरी पाळणा हलला नाही त्याच्याच माथी ती उणीव मारली जाते. या देशात किती दांपत्यांनी, त्यांतही किती स्त्रियांनी, हा दोष निमूटपणे वाहिला असेल याचा विचार केला म्हणजे तर्कशास्त्रातील ही बारीक भेदरेषा किती जिव्हाळ्याची आहे हे कळते. स्वतंत्र तपासणीविना लावलेला दोष हा निर्णय नव्हे.

नैयायिकांनी वेदाच्या प्रामाण्यासाठी आणखी एक युक्तिवाद केला आहे. मंत्र आणि आयुर्वेद यांचे प्रामाण्य जसे आप्तांच्या, म्हणजे वस्तू यथार्थ जाणून ती तशीच सांगणाऱ्या विश्वसनीय व्यक्तींच्या, विश्वसनीयतेवर आधारलेले आहे तसे वेदाचेही आहे, असे ते म्हणतात. औषधाचा गुण येतो हे दिसते. त्यावरून न दिसणाऱ्या विषयातही त्याच आप्तांवर भरवसा ठेवणे योग्य ठरते. घरी दुरुस्ती करणाराही असेच वागतो. ज्या पुस्तिकेने ऋण टर्मिनल आधी सोडवायला सांगितले आणि त्याचे कारण पटले, तिच्यातील न पडताळलेला आकडाही तो मानतो. यात गैर काही नाही. शब्दप्रमाणावाचून कोणाचेच एक पाऊल पुढे पडत नाही. मात्र ज्या आप्ताची कीर्ती गुण आलेल्या औषधांवर उभी आहे, त्या औषधांनीच गुण आला की रोगी आपोआप बरा झाला, हा प्रश्न येथेही शिल्लक राहतो, आणि धर्मोत्तराचा कीटकांचा थवा पुन्हा डोळ्यांपुढे येतो.

प्रवृत्तिसामर्थ्याची कसोटी त्यामुळे टाकाऊ ठरते असे नाही. उदयनाचार्यांसह अनेक नैयायिकांनी संशयाला व्यवहाराची मर्यादा घातली आहे. भोजनाला बसलेला माणूस प्रत्येक घासाला अन्नाबद्दल शंका घेत नाही. परंतु कसोटी लावायची ती शेवटच्या फळाला एकदाच लावून भागत नाही. कार्बन झिजले आहेत असे अनुमान असेल, तर त्या अनुमानाचे खरे फळ दिवा विझणे हे नसून झिजलेले कार्बन डोळ्यांना दिसणे हे आहे.

म्हणून जुना अल्टरनेटर उघडून पाहण्याला महत्त्व आहे. मागचे आवरण दोन-तीन स्क्रूंनी निघते आणि कार्बनची लहानशी पेटी हातात येते. नव्या कार्बनच्या कांड्या बाहेर चांगल्या डोकावतात, झिजलेल्या जवळजवळ पेटीच्या काठाशी आलेल्या असतात, आणि त्या ज्या तांब्याच्या कड्यांवर घासत त्या कड्यांवर खोल चरे पडलेले दिसतात. किंवा कांड्या पुरत्या लांब असतात, कडी गुळगुळीत असतात, बेअरिंग हाताने फिरवले तर आवाज न करता फिरते, आणि मग पाहणाऱ्याला टर्मिनलवरून घासून काढलेली ती हिरवट बुरशी आठवते. पण बहुतेक वेळा ही पाहणी होतच नाही. रीकंडिशन अल्टरनेटर विकणारा दुकानदार जुने यंत्र परत दिले तर किमतीत सूट देतो, आणि गाडी सुरू झाल्याच्या आनंदात ते जड, तेलकट यंत्र पिशवीत घालून त्याच संध्याकाळी दुकानात पोचते केले जाते.